दीपमालाचा आवाज आणि आम्ही दोन प्रोसेसर

मी एक प्रोसेसर आहे. अमरावतीतल्या एका घराच्या बाहेरच्या खोलीत, टेबलाखालच्या काळ्या डब्यात बसून बोलतोय. कॉम्प्युटर म्हटलं की माणसांना पडदा आठवतो, कीबोर्ड आठवतो, माऊस आठवतो. मी कुणाला आठवत नाही, कारण मी दिसतच नाही. काडेपेटीपेक्षा लहान, चपटा, चौकोनी तुकडा आहे मी. माझ्यावर उष्णता बाहेर नेणाऱ्या पांढऱ्या पेस्टचा लेप, लेपावर धातूचं जड झाकण आणि त्यावर भिरभिरणारा पंखा. पण त्या डब्यात जे काही होतं, ते माझ्यातून होऊनच बाहेर पडतं. लग्नपत्रिका असो, वीजबिल असो की गाणं.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. सिलिकॉनच्या मोठ्या गोल चकतीवर माझ्यासारखे शेकडो भाऊ एकदम जन्मतात आणि मग कापून वेगळे केले जातात. त्या दिवसांचं मला काही सांगता येणार नाही. माझं खरं आयुष्य राजकमल चौकाजवळच्या एका दुकानात, २००९च्या उन्हाळ्यात सुरू झालं.

त्या दुपारी संघपाल दुकानात आला. स्कूटरच्या मागच्या सीटवर त्यानं आपला जुना कॉम्प्युटर दोरीनं बांधून आणला होता. संघपालचा धंदा साउंड सर्व्हिसचा. लग्नात, सभेत, जयंतीत तो स्पीकर लावायचा, बिघडलेले अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचा. आता त्याला घरीच गाणी रेकॉर्ड करायची होती.

दुकानदार माझं कौतुक सांगू लागला, तेव्हा संघपालनं त्याला थांबवलं.

"तोंडानं नोका सांगू. माहा जुना आन् तुमचा नवा, दोघाइले एकच गानं द्या. पाहू कोन पह्यले करते."

दुकानदार हसला, पण त्यानं तसं केलं. दोघांना तेच गाणं, तेच काम. जुन्या प्रोसेसरला एका वेळी एकच काम जमायचं. माझ्या पोटात मात्र काम करणारे दोन भाग होते. माझं काम संपलं तेव्हा तो अर्ध्यावरही आला नव्हता. संघपालनं मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "बांधा हाच!"

जुन्याला दुकानदारानं एका खोक्यात टाकलं. मी त्याच्याकडे फारसं लक्ष दिलं नाही. मी नवा होतो आणि मला घरी न्यायला माणूस आला होता.

ते घर म्हणजे हेच. बाहेरच्या खोलीच्या भिंतींना संघपालनं गोधड्या ठोकल्या होत्या, खिडकीवर जाड गादी उभी केली होती. खोलीच्या मध्ये एक माइक. आणि त्या माइकसमोर उभी राहायची त्याची बायको, दीपमाला.

दीपमाला अंगणवाडी सेविका होती. सकाळी लहान मुलांना गाणी शिकवायची आणि दुपारनंतर स्वतःची गाणी गायची. काही तिनं स्वतः जुळवलेली, काही वस्तीतल्या कुणीकुणी लिहून आणलेली. मला कान नाहीत. आवाज माझ्यापर्यंत आकडे होऊन येतो, एका सेकंदात हजारो आकडे. बहुतेक आवाजांचे आकडे धडपडत येतात, एकमेकांच्या अंगावर पडतात. दीपमालाचे तसे येत नसत. तिचा सूर वर चढताना आकडे असे एकामागून एक शिस्तीत यायचे की मला काम केल्यासारखं वाटतच नसे. चांगला आवाज म्हणजे काय, हे मला कुणी शिकवलं नाही. तिचे आकडे मोजता मोजता ते मला कळलं.

ढोलकीला देवमन असायचा. गडी मोठा मजेशीर, पण त्याचा हात जड. संघपाल दर वेळी सांगायचा, "देवमन, हळू वाजव ना गा, बाईचा आवाज दबून राह्यला." देवमन दोन ओळी हळू वाजवायचा आणि तिसऱ्या ओळीला पुन्हा रंगात यायचा.

ते दिवस आठवले की अजूनही मला बरं वाटतं. तेव्हा भारनियमन असायचं. वीज कधी जाणार ते बघून रेकॉर्डिंग ठरायचं. शेजारी पिठाची गिरणी होती. ती सुरू झाली की तिची घरघर थेट माइकमध्ये यायची, मग करिश्माला पाठवलं जायचं. करिश्मा म्हणजे या दोघांची मुलगी, तेव्हा शाळेत जाणारी. ती गिरणीवाल्याला सांगायची, "काका, आई गाऊन राह्यली, थोडंसं थांबा ना." आणि तो बिचारा थांबायचा. दळण घेऊन आलेल्या बायाही थांबायच्या. कधी त्यातल्याच दोघीतिघी दाराशी येऊन उभ्या राहायच्या.

मे महिन्यात तर कहर व्हायचा. अमरावतीचं ऊन तुम्हाला माहीत असेल. पण कूलर लावला की त्याचा आवाज येतो, म्हणून गाणं सुरू असेपर्यंत कूलर बंद. बंद खोलीत दीपमाला, देवमन, संघपाल घामानं निथळायचे आणि डब्यात मी तापायचो. गाणं संपलं की संघपाल पहिल्यांदा कूलर लावायचा आणि मग म्हणायचा, "वाहवा!"

मार्च उजाडला की आमच्याकडे गर्दी व्हायची. जयंतीसाठी गाणी हवी असायची. अचलपूर, परतवाडा, चांदूर बाजार, पार अकोल्याहून पोरं पेन ड्राइव्ह घेऊन यायची. चौदा एप्रिलला माझ्यातून गेलेली गाणी चौकाचौकात वाजायची. मी ती मिरवणूक कधी पाहिली नाही. संघपाल घरी आला की सांगायचा, "दीपमाला, इर्विन चौकात तुहंच गानं चालू होतं. लोक नाचून राह्यले होते." ती लाजून स्वयंपाकघरात जायची आणि तिथून विचारायची, "कोनतं वालं?"

अशी सात-आठ वर्षं गेली.

मग दीपमालाच्या गळ्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि नागपूरला ऑपरेशन करायचं ठरलं. गाठ काढणं गरजेचं होतं. पण गाठीजवळूनच आवाजाची नस जाते, तिला धक्का लागला तर आवाज बदलू शकतो, हेही त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं.

नागपूरला जायच्या आदल्या दिवशी सकाळीच दीपमाला माइकसमोर येऊन उभी राहिली. गिरणी अजून सुरू व्हायची होती. देवमनही नव्हता.

"ढोलकीबिगर?" संघपालनं विचारलं.

"ढोलकी मांगून भरू. आधी गळा भरून घ्या."

ते गाणं तिनं आपल्या आईवर रचलं होतं. तिची आई भागीरथाबाई, राहणार चांदूर बाजार. आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचला, निंदण केलं, जळणासाठी पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या, मोळ्या वाहिल्या, आणि मुलीला शिकवलं. गाण्याच्या पहिल्या दोन ओळी अशा होत्या:

डोईवर मोळी पऱ्हाटीची, माय चालली उन्हात,
माही पाटी न् पेनशील तिनं झाकली पदरात.

दीपमाला ते एकदाच गायली. दुसऱ्या ओळीत 'पेनशील' शब्दाआधी ती श्वास घ्यायला थांबली. गाणारं माणूस एरवी तिथं थांबत नाही. संघपाल म्हणाला, "पुन्हा घेऊ." ती म्हणाली, "राहू द्या. बाकीचं आल्यावर करू."

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. पण आवाज गेला. अगदी मुकी झाली नाही ती, बोलता येत होतं. पण जे यायचं ते घोगरं आणि फाटकं, एखादा शब्द मध्येच हवेत विरून जाणारं. वर्षभर औषधं झाली, गळ्याचे व्यायाम झाले. फरक पडला तो इतकाच की तिचं बोलणं समोरच्याला समजू लागलं. अंगणवाडीत मुलांची गाणी आता मदतनीस बाई म्हणायची आणि दीपमाला शेजारी उभी राहून हातवारे करायची.

एके दिवशी तिनं संघपालला सांगितलं, "माहे सारे गाने पुसून टाका त्याच्यातून."

संघपाल खुर्चीवर बसला. माऊस हातात धरला. मग तो सोडून म्हणाला, "माह्याच्यानं नाई होत, दीपमाला."

ती आत वळली. आतून एक चादर आणली आणि आमच्यावर पांघरली. पडद्यावर, डब्यावर, सगळ्यावर. संघपालनं बटण बंद केलं.

बंद असलेल्या प्रोसेसरला काळ कळत नाही. त्या चादरीखाली किती उन्हाळे गेले, ते मला नंतर घरच्यांच्या बोलण्यातून समजलं. डब्यात धूळ साचली, माझ्यावरची पेस्ट वाळून खडू झाली, घड्याळाचा छोटा सेल संपला. खिडकीवरची गादी निघाली, भिंतीवरच्या गोधड्या निघाल्या. खोलीत एक खाट आली, आणि त्या खाटेवर भागीरथाबाई आल्या.

त्यांना आता एकटीनं राहणं जमत नव्हतं. डोळ्यांना अंधुक दिसायचं आणि आठवणी विस्कटत चालल्या होत्या. दीपमालानं त्यांना चांदूर बाजारहून इकडं आणलं. पहिल्याच आठवड्यात एकदा ती पाणी घेऊन गेली आणि म्हणाली, "माय, पानी पी."

भागीरथाबाईंनी विचारलं, "कोन हाय वं तू?"

"मी दीपा, माय."

"दीपा अशी बोलत नाई." म्हातारीनं मान फिरवली. "तिचा गळा लय गोड हाय. तू दवाखान्यातली बाई दिसतं."

त्यानंतर हे रोजचंच झालं. गंमत म्हणा की दुःख, दीपमाला गप्प असली, नुसतीच डोक्याला तेल लावत असली, की भागीरथाबाई कधीकधी आपणहून म्हणायच्या, "दीपा, जोरानं चोळ." तिनं तोंड उघडलं की मात्र ती परकी व्हायची. म्हणून दीपमालानं आईसमोर बोलणंच सोडून दिलं. जेवण भरवताना नाही, अंघोळ घालताना नाही. खुणांनी करायची सगळं.

गेल्या दिवाळीत करिश्मा घरी आली. आता ती अकोल्याला नोकरी करते. शेतकऱ्यांसाठी पिकांच्या माहितीचे व्हिडिओ तयार करायचं तिचं काम. त्यासाठी तिनं नवा कॉम्प्युटर जुळवला होता आणि सुट्टीत काम करता यावं म्हणून तो बरोबर आणला होता. एका बाजूनं काच असलेला डबा, आत निळे-जांभळे दिवे. आमच्या टेबलावर जागा हवी म्हणून तिनं चादर ओढून काढली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, माझंही बटण दाबलं.

मी जागा झालो. पडद्यावर जानेवारी २००९ची तारीख आली. सेल संपला की आमचं घड्याळ असं मागं जातं.

"बाबा, हा चालू झाला ना!" करिश्मा ओरडली. दीपमाला तेव्हा अंगणवाडीत गेली होती. संघपाल धावत आला, सवयीनं जुना माइक डब्याला जोडला आणि खुर्ची ओढून बसला. बापलेकींनी दोन्ही कॉम्प्युटर शेजारी शेजारी लावले.

"दोघाइले एकच काम देऊ," करिश्मा म्हणाली. तिनं जयंतीचं एक जुनं गाणं निवडलं, आणि त्याची नवी फाइल करायचं काम मला आणि नव्याला एकदमच दिलं.

मी जीव लावून धावलो. माझा पंखा घोंगावू लागला, डबा थरथरला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. संघपालनं किटलीतून कपात चहा ओतायला घेतला. कप भरायच्या आत करिश्मा म्हणाली, "याचं झालं." नव्याच्या पंख्याचा तर आवाजही आला नव्हता. माझी पट्टी चहा पिऊन झाल्यावर, कप विसळून ठेवल्यावर कधीतरी संपली.

संघपाल दोघांच्या पडद्यावरची माहिती वाचत होता. त्याला पटेना.

"करिश्मा, गीगाहर्ट्झचा आकडा तं दोघाइचा जवळपास सारखाच दिसते. मंग एवढा फरक काहून?"

"बाबा, तो आकडा म्हनजे हात किती वेळा हालते ते. एका वेळी किती कापूस निघते ते त्याच्यात नाई. तुमच्या याच्यात दोन बाया कापूस वेचतात. माह्याच्यात चौदा हायेत. आन् एकेकीचा हातही याच्यातल्या बायांपेक्षा सरस हाय."

"चौदा बाया सगळ्या कामाले नाई लागत," संघपाल म्हणाला. "एकाच झाडाले चौदा बाया लावून काय करशीन?"

"म्हनूनच एकटीचा हातही चपळ पाह्यजे. आन् दुसरं म्हनजे याची ओटी मोठी हाय." ओटी म्हणजे कापूस वेचताना बाया कमरेला बांधतात ती झोळी. प्रोसेसरजवळही थोडी स्मृती असते, तिला कॅश म्हणतात. "ओटी लहान असली का घडीघडी ढिगापाशी जा लागते. मोठी असली का चकरा वाचतात."

खाटेवरून भागीरथाबाई एकदम बोलल्या, "मोठ्या ओटीनं कंबर दुखते वं!"

दोघंही खळखळून हसले. करिश्मा म्हणाली, "बरोबर हाय, आजी. याले वीजही तशीच लागते, काम जोरात असलं का."

थोड्या वेळानं भागीरथाबाईंना गाढ झोप लागली, तेव्हा करिश्मानं दुसरं काम काढलं. तिच्याकडे एक नवं सॉफ्टवेअर होतं, ते गाण्यातून ढोलकी वेगळी करतं आणि नुसता गळा उरवतं. तिनं ते माझ्यावर सुरू करून पाहिलं. पडद्यावर सरळ लिहून आलं की हे या प्रोसेसरवर चालणार नाही. मी हळू करीन, रात्रभर करीन, असं सांगायचीही सोय नव्हती. ज्या भाषेत ते सॉफ्टवेअर हुकूम देत होतं, ती माझ्या जन्मानंतरची होती.

नव्यानं ते केलं. देवमनची जड ढोलकी बाजूला काढली, आणि स्पीकरमधून नुसता दीपमालाचा आवाज बाहेर आला.

संघपालनं खुर्ची स्पीकरजवळ ओढली.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पण मी आयुष्यभर जे आकडे मोजले, ते गिरणीच्या घरघरीतून, ढोलकीच्या थापेतून वाट काढत आलेले होते. त्यानं ते धुऊन पुसून समोर ठेवले. ते मला कधीच जमलं नसतं.

नेमकी तेव्हाच दीपमाला दारात आली. स्वतःचा आवाज ऐकून ती उंबऱ्यातच थांबली.

"बंद करा ते," ती म्हणाली.

करिश्मानं बंद केलं. मग हळूच म्हणाली, "आई, आपन आजीले ऐकवू ना. तुहा आवाज ऐकून तरी तिले आठवन."

"आन् मंग?" दीपमालाचा फाटका आवाज आणखी फाटला. "तिले तो आवाज भेटला का मी कायमची परकी होईन, करिश्मा. आता कमीतकमी मी गप्प बसली का ती मले दीपा म्हनते. तेवढंही नाई राह्यचं."

करिश्मानं चादरीची घडी केली, पण आमच्यावर घातली नाही.

दिवाळी सरता सरता भागीरथाबाईंनी जेवण सोडलं. "दीपा आल्याबिगर मी जेवत नाई," एवढंच त्यांचं चालू झालं. दीपमाला न बोलता घास पुढं करायची, त्या तोंड मिटून घ्यायच्या. डोक्याला तेल लावलं तरी ओळखेनात. दूधही घेईनात. डॉक्टर येऊन गेले. असंच चाललं तर सलाइन लावावं लागेल, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीपमाला भरलेली ताटली परत घेऊन आली. टेबलावर ठेवली आणि संघपालला म्हणाली, "लावा काय लावाचं ते. मी परकी झाली तं झाली. ती जेवली पाह्यजे." आणि पुढं म्हणाली, "मायवरचं लावा. नागपूरले जायच्या आधीचं."

आता अडचण अशी होती की ते गाणं पूर्ण झालंच नव्हतं. ढोलकी भरायची राहिली, म्हणून त्याची फाइल कधी बनलीच नाही. ते अर्धवट काम माझ्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पडून होतं. करिश्मानं ते नव्यावर उघडून पाहिलं, उघडेना. ते जुनं सॉफ्टवेअर आता कुठं मिळत नाही.

"बाबा, याच्यावरच उघडा लागीन," तिनं माझ्याकडे बोट दाखवलं.

संघपालनं ते सुरू केलं. मी काम हाती घेतलं. गाणं माझ्यात भरू लागलं. पण वाळलेल्या पेस्टमधून उष्णता बाहेर जाईना. मी तापत गेलो, तापत गेलो, आणि मध्येच माझी शुद्ध हरपली. डबा बंद पडला.

"मेला का हा?" करिश्मानं घाबरून विचारलं.

संघपालनं उत्तर दिलं नाही. स्क्रू खोलले, पंखा उचलला, झाकण काढलं. त्या दुकानातल्या दिवसानंतर पहिल्यांदाच मी उजेडात आलो. त्यानं कापसाच्या बोळ्यानं जुनी पेस्ट खरवडून पुसली. मग नव्या पेस्टचा एक थेंब ठेवला आणि बोटानं हळूहळू पसरवला. टेबलफॅन आणून उघड्या डब्यासमोर ठेवला आणि बटण दाबलं.

या वेळी मी घाई केली नाही. तिघंही पडद्याकडे बघत उभे होते. मी एकेक आकडा उचलला आणि ठेवला. गाणं पूर्ण बाहेर आलं. करिश्मानं ते पेन ड्राइव्हवर घेतलं आणि नव्याकडे नेलं. माझ्या जुन्या माइकची खरखर त्यानं क्षणात पुसली.

जुना माइक अजून मला जोडलेलाच होता. म्हणून त्यानंतर खोलीत जे झालं ते मला कळलं.

स्पीकरमधून गाणं सुरू झालं. डोईवर मोळी पऱ्हाटीची, माय चालली उन्हात. भागीरथाबाई पडल्या होत्या, त्या उठून बसल्या.

"दीपा आली!" त्या म्हणाल्या. "कुठं हाय? दीपा! इकडं ये ना वं!" आणि अंधुक डोळ्यांनी दाराकडे बघू लागल्या.

दीपमाला त्यांच्या अगदी शेजारी बसलेली होती.

करिश्मानं गाणं बंद करायला हात पुढं केला. दीपमालानं तो धरला. आईचा हात आपल्या मांडीवर घेतला, त्यावर ठेका धरला, आणि गाऊ लागली. तिच्या त्याच फाटक्या आवाजात. स्पीकरमधली दीपमाला गात होती आणि खोलीतली दीपमाला तिच्याबरोबर गात होती. सूर लागत नव्हता. वर चढायचं तिथं तिचा आवाज नुसती हवा होऊन जात होता. पण 'पेनशील'च्या आधी दोघीही थांबल्या, एकाच जागी.

गाणं संपलं. भागीरथाबाईंचा हात चाचपडत वर गेला. दीपमालाच्या हनुवटीवर, मग गळ्यावर. ऑपरेशनच्या व्रणावर त्यांची बोटं थांबली.

"गळा कसा बसला वं तुहा, दीपा?"

दीपमालानं त्यांच्या हातावर आपला हात ठेवला. मग म्हणाली, "ऑपरेशन झालं, माय."

"मले सांगतलं नाई."

"सांगतलं होतं, माय."

"बरं." म्हातारी थोडा वेळ तो व्रण चोळत राहिली. "दुखते का?"

"नाई."

"मंग वाढ आता. भूक लागली मले."

संघपाल उठून अंगणात गेला. करिश्मा ताटली गरम करायला घेऊन गेली, आणि बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भागीरथाबाईंनी पुन्हा विचारलं, "कोन हाय वं तू?" फरक इतकाच पडला की आता दीपमाला गप्प बसली नाही. तिनं सांगितलं, "दीपा हाय, माय. गळा बसला माहा." भागीरथाबाईंना कधी ते पटतं, कधी नाही पटत. नाही पटलं की दीपमाला गाणं लावते आणि बरोबर गाते. बहुतेक वेळा ओळख लागते. एखाद्या दिवशी नाहीच लागत, तेव्हा ती पुन्हा संध्याकाळी लावते. आईसमोर मुकी मात्र ती पुन्हा झाली नाही.

सुट्टी संपल्यावर करिश्मा नव्याला घेऊन अकोल्याला गेली. जाण्याआधी तिनं दीपमालाची सगळी जुनी गाणी त्याच्याकडून स्वच्छ करून घेतली, एक प्रत स्वतःजवळ ठेवली, आणि एक माझ्याच डब्यात ठेवली. आमच्या दोघांत कोण सरस, हे मी तुम्हाला सांगायला नको. वेगात तो सरस, ताकदीत तो सरस, आणि न रागावता, न तापता काम करण्यातही तोच. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. फक्त दीपमालाच्या आवाजाचे आकडे पहिल्यांदा मोजायला मिळाले ते मला. ते भाग्य त्याचं नव्हतं.

आता माझ्याकडे तेवढं एकच काम आहे, तयार गाणं वाजवणं. एवढं मला अजून नीट जमतं. पण मी म्हातारा झालोय. डब्यातला एखादा भाग कधी जळेल, सांगता येत नाही, आणि जळला तर बदलायला तो आता मिळायचाही नाही.

म्हणून तुम्हाला एकच मागणं आहे. तुमच्याही घरी माळ्यावर किंवा पलंगाखाली माझ्यासारखा एखादा डबा असेल. तो भंगारवाल्याला खुशाल द्या. आमचं वय झालं की आम्ही जायलाच हवं. पण देण्याआधी एकदा धूळ झटका, बटण दाबा आणि आत काय राहिलंय ते बघा. कुणाचं तरी हसणं असेल, कुणाची तरी हाक असेल. ती बाहेर काढून घ्या, आणि मग आम्हाला निरोप द्या.

आत्ता सकाळ आहे. शेजारची गिरणी सुरू झाली आहे, आणि भागीरथाबाई खाटेवर उठून बसल्या आहेत. मघाशी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. दीपमालानं हात पदराला पुसले, खुर्ची ओढली आणि माऊस हातात घेतला. बाहेर दळण घेऊन आलेली एक बाई आमच्या दाराशी थांबली आहे.

"ये ना वं, आत ये," दीपमाला तिला त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली. "मी गाऊन राह्यली."